गॅमा भागातील प्रत्येक उंचवटा म्हणजे कर्करोग नव्हे

‘सीरम इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात गॅमा भाग उंचावला की रक्ताचा कर्करोग निश्चित’ हा समज अनेक वर्षे फिरत आहे आणि त्यामुळे रुग्ण विनाकारण धास्तावतात. ही चाचणी रक्तद्रवातील प्रथिने विलग करते; आलेखातील गॅमा हा मुख्यतः प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचा, भाग असतो. प्रत्यक्षात, विजेच्या साहाय्याने विलग केलेल्या प्रथिनांचे पट्टे रंगवल्यावर डेन्सिटोमीटर हे उपकरण त्यांची केवळ प्रकाशीय घनता, म्हणजे पट्टा किती गडद आहे ते, मोजते. त्यातून टक्केवारी मिळते आणि स्वतंत्र चाचणीने काढलेल्या एकूण प्रथिनांशी तिचा हिशेब केल्यावर प्रमाण कळते. एकूण प्रथिने ७ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि गॅमा २० टक्के असेल, तर गॅमाचे प्रमाण १.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर होते. हा पडताळा आपल्या अहवालावर कोणालाही घेता येतो.

खरा प्रश्न आकाराचा आहे. पसरट उंचवटा बहुधा दीर्घकालीन संसर्ग, यकृताचे विकार किंवा संधिवातासारख्या आजारांत दिसतो, कारण तेव्हा अनेक पेशीसमूह निरनिराळी प्रतिपिंडे बनवत असतात. अरुंद, टोकदार शिखर मात्र एकाच पेशीसमूहाकडे निर्देश करते. त्याचा पाठपुरावा आवश्यकच आहे, तरीही पन्नाशीनंतर सुमारे ३ टक्के लोकांत ते कर्करोगाविना आढळते. रक्ताचा नमुना पूर्ण साकळला नसेल, तर उरलेले फायब्रिनोजेन हे रक्त साकळवणारे प्रथिनही आलेखातील बीटा आणि गॅमा या भागांच्या दरम्यान तसाच पट्टा उमटवते. म्हणून प्रतिपिंडाचा नेमका प्रकार ओळखणाऱ्या इम्युनोफिक्सेशन चाचणीने खात्री करून घेतात.