रॉक संगीतकारांच्या छायाचित्र-प्रिंट्सचा संग्रह

रॉक संगीतकारांच्या छायाचित्रांच्या, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली मूळ निगेटिव्हवरून टिकाऊ कागदावर काढलेल्या आणि बहुधा सही व क्रमांक घातलेल्या प्रिंट्स जमवण्याचा छंद. येथे त्याची माहिती नाशिकच्या संग्राहकाला डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. पोस्टर, कॅलेंडर किंवा मासिकातून कापलेले पान यांची गणना यात होत नाही. पोस्टर भिंगाखाली धरले की छपाईच्या रंगीत ठिपक्यांची जाळी उघडी पडते. सिल्व्हर जिलेटिन प्रिंटमध्ये, म्हणजे कागदावरच्या जिलेटिनच्या थरातील चांदीने चित्र उमटणाऱ्या कृष्णधवल प्रिंटमध्ये, मात्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा सलग उतरत गेलेल्या दिसतात. नवशिक्या संग्राहकाने एवढी एक परीक्षा शिकून घेतली तरी निम्मी फसवणूक टळते.

ही छायाचित्रे कलादालनासाठी काढलेली नव्हती. १९६०च्या दशकात ती वृत्तपत्रे, मासिके आणि ध्वनिमुद्रिका-कंपन्या यांच्या कामासाठी काढली जात आणि छापून झाली की कुठल्यातरी कपाटात पडून राहत. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ रोजी निघाला. त्याचा पहिला मुख्य छायाचित्रकार बॅरन वोल्मन याने मानधनाचा आग्रह न धरता आपल्या छायाचित्रांचे हक्क स्वतःकडे राखून घेतले. त्या काळी ही अट कोणाला फारशी महत्त्वाची वाटली नसावी. आजचा बाजार मात्र अशाच राखलेल्या निगेटिव्हवर उभा आहे, कारण ज्याच्याकडे निगेटिव्ह आणि हक्क दोन्ही राहिले, त्यालाच पुढे कित्येक वर्षांनी नव्याने प्रिंट काढून तिच्यावर सही करता आली. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली मॉरिसन हॉटेल गॅलरी ही केवळ संगीतविषयक छायाचित्रांना वाहिलेल्या दालनांपैकी ठळक होय. छायाचित्रकार हेन्री डिल्ट्झ तिच्या संस्थापकांपैकी एक आहे.

संग्राहकांच्या पसंतीची छायाचित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतातच असे नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहात ‘द क्लॅश’ या रॉक वाद्यवृंदाचा पॉल सिमोनन बास गिटार जमिनीवर आपटत असताना पेनी स्मिथ हिने टिपलेले छायाचित्र अस्पष्ट आहे. याच कारणाने ते ‘लंडन कॉलिंग’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वापरू नये, असे तिचे स्वतःचे मत होते. वाकलेली पाठ, उलटी धरलेली गिटार आणि झाकलेला चेहरा यांतला आवेश नेमक्या फोकसमध्ये उरला असता का, याची शंकाच आहे. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरी येथील संगीत महोत्सवात दुपारी पंडित रविशंकर यांचे सतारवादन झाले आणि त्याच रात्री जिमी हेंड्रिक्सने आपली गिटार पेटवली. तो क्षण टिपणारा एड कॅरेफ अवघा १७ वर्षांचा होता. जिम मार्शल (१९३६–२०१०) याने १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात टिपलेला जॉनी कॅश आणि इयन मॅकमिलन याने ८ ऑगस्ट १९६९ रोजी लंडनच्या ॲबी रोडवर शिडीवर उभे राहून काढलेली बीटल्सची सहा छायाचित्रे यांनाही कायम मागणी असते. मराठी वाचकाला ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी अधिक जवळचा वाटतो, कारण त्याचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले. ‘क्वीन २’ (१९७४) या ध्वनिमुद्रिकेवरचे, अंधारातून चार चेहरे उजळणारे छायाचित्र मिक रॉक याचे आहे.

एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट्सच्या किमतींत मोठी तफावत असते, आणि ती चित्रातल्या कलावंतामुळे नसते. छायाचित्र काढले त्याच सुमारास काढलेली प्रिंट ‘व्हिंटेज’ म्हणवते आणि सर्वांत महाग ठरते. छायाचित्रकाराच्या हयातीत नंतर काढलेली, त्याची सही असलेली प्रिंट तिच्याखालोखाल येते. त्याच्या पश्चात वारसांनी काढून शिक्का मारलेली प्रिंट त्याहून स्वस्त असते. कोपऱ्यात १२/५० असे लिहिले असेल तर ती पन्नासांतली बारावी प्रिंट होय. नोटांचे क्रमांक छापणाऱ्या नाशिकरोडच्या मुद्रणालयाच्या शेजारी राहणाऱ्यांना क्रमांकाचे महत्त्व सांगायला नको. पण येथे लहान आकडा मुळातच अधिक मोलाचा असतो असे नाही. आवृत्ती, म्हणजे ठरवलेल्या संख्येच्या प्रिंट्सचा संच, संपत आली की अनेक दालने उरलेल्या प्रिंट्सची किंमत वाढवतात, एवढेच. आवृत्ती एका आकारापुरती असते, हेही विचारून घ्यावे लागते. तेच चित्र दुसऱ्या आकारात पुन्हा पन्नासांच्या आवृत्तीत निघालेले असू शकते. मर्यादित खिशाच्या संग्राहकाला वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेल्या जुन्या प्रिंट्स परवडतात. त्यांच्या पाठीवर तारखेचा शिक्का, चिकटवलेली टंकलिखित ओळ आणि लाल पेन्सिलीने केलेली काटछाट असते, आणि जाणकार आधी पाठच पाहतो.

नाशिकला संग्रह आणि छपाई या दोन्हींची जुनी ओळख आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण आणि चित्रमुद्रण यांचाच व्यवसाय करीत. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेमुळे नाण्याची पारख कशी करावी हे शिकण्याची सोय जिल्ह्यातच आहे, आणि तेथला उगम व अस्सलपणा तपासण्याचा शिरस्ता छायाचित्रांनाही तंतोतंत लागू पडतो. २००८ पासून अनेक वर्षे गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळ्यांत भरलेल्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाने रंगमंचावरचे देशी-विदेशी वाद्यवृंद येथील श्रोत्यांना जवळून दाखवले. प्रिंट्सची खरेदी मात्र मुख्यतः परगावच्या किंवा परदेशी दालनांकडून होते.

जतन हा नाशिकपुरता सर्वांत कळीचा प्रश्न आहे. छायाचित्रासाठी साधारण ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. येथे एप्रिल-मेमधल्या कोरड्या उन्हाळ्यानंतर जूनपासून चार महिने हवा दमट होते, आणि या चढउतारानेच फायबर कागद (प्लास्टिकचा लेप नसलेला छायाचित्रांचा कागद) वाकतो. जिलेटिन ओल शोषून फुगते. प्रिंट काचेला टेकलेली असेल तर ती काचेलाच चिकटते आणि ओढून काढताना चित्राचा थर सोलून निघतो. म्हणून खिडकीसारखा कापलेला जाड माउंट मध्ये घालून काच व कागद यांत फट ठेवतात. फ्रेमच्या दुकानात सर्रास मागे ठोकला जाणारा हार्डबोर्ड आणि चिकटपट्टी यांतले आम्ल काही वर्षांत कागद पिवळा पाडते, तेव्हा आम्लरहित पुठ्ठा स्वतः नेऊन देणे बरे. पावसाचा मारा घेणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर प्रिंट टांगू नये. सराफ बाजाराच्या अंगाने गोदाकाठी असलेल्या जुन्या वाड्यांत तळमजल्यावर संग्रह ठेवणे धोक्याचे आहे. ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा हा भाग जलमय झाला होता. कसर आणि बुरशी यांचा बंदोबस्त दर पावसाळ्यानंतर पेटी उघडून, प्रत्येक प्रिंट तिरक्या उजेडात पाहून करावा लागतो. त्याच उजेडात जुन्या प्रिंटच्या गडद भागांवर चांदीसारखी झाक दिसली तर थरातली चांदी पृष्ठभागावर येऊ लागली आहे असे समजावे.

परदेशातून मागवलेल्या प्रिंटवर सीमाशुल्क लागते. शुल्काच्या वर्गवारीत हाताने काढलेली चित्रे ९७व्या प्रकरणात, तर छायाचित्रे ४९व्या प्रकरणात छापील वस्तूंबरोबर मोडतात. ‘कलाकृती’ असे बिलावर लिहिल्याने ती जागा बदलत नाही. प्रिंट विकत घेतल्याने चित्राचा स्वामित्वहक्क मिळत नाही. १९५७ च्या भारतीय कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे मालकाला प्रिंट भिंतीवर लावता येते, विकता येते, वारसांना देता येते. पण तिच्यावरून दिनदर्शिका किंवा टी-शर्ट काढायचा तर हक्कधारकाची परवानगी घ्यावीच लागते.