कमी झालं, पण कशाच्या मानाने?

गणपती विसर्जन झालं की व्हॉट्सअॅपवर एक कृती फिरायला लागते. गूळ एक भाग, संत्र्या-मोसंबीची सालं तीन भाग, पाणी दहा भाग. तीन महिने डब्यात आंबवायचं, गाळायचं आणि तलावात ओतायचं. या ‘बायोएन्झाइम’ने पाणी स्वच्छ होतं, वास जातो, काहींच्या मते ओझोनसुद्धा तयार होतो. सोबत दोन बाटल्यांचा फोटो असतो, एकीत गढूळ पाणी आणि दुसरीत नितळ.

ओझोनचं सोडून देऊ. आंबवण्यातून ओझोन निघत नाही, आणि निघाला असता तर डब्याशेजारी बसणाऱ्याचा घसा आधी धरला असता. बाकीच्या दाव्याचा हिशोब मात्र शाळेतल्या रसायनशास्त्रावर करता येतो. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ पडला. तेवढ्या साखरेचं पूर्ण ऑक्सिडीकरण व्हायला ११२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आंबताना त्यातला निम्मा भार उतरला असं उदारपणे धरलं तरी ५६ ग्रॅमची मागणी शिल्लक राहते, सालींची वेगळीच. आता ३० अंश तापमानाला तलावाच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे हे एक लिटर औषध सुमारे साडेसात हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन मागून घेतं. औषधाचा गुण आला का, हे तलावातल्या माशांना विचारावं.

मग बाटलीतलं पाणी नितळ कसं झालं? बाटली दोन दिवस हलवली नाही तर गाळ तसाही तळाला बसतो. जिच्यात काहीच घातलेलं नाही अशी तिसरी बाटली शेजारी ठेवली असती तर हे लगेच दिसलं असतं. फोटोत ती कधीच नसते.

बायोरेमेडिएशन, म्हणजे माती-पाण्यातलं प्रदूषण सूक्ष्मजीवांकडून निस्तरून घेणं, आणि बायोसर्व्हेलन्स, म्हणजे रुग्ण दवाखान्यात पोचण्याआधीच सांडपाण्यात, हवेत, जनावरांत रोगजंतूंचा माग काढत राहणं, हे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना दोन वेगळे विषय वाटतात. बडोद्यात दोन्हींना खाद्य भरपूर आहे. एका बाजूला कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे रासायनिक कारखाने आणि त्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी महीच्या मुखाकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा. दुसऱ्या बाजूला वाढत्या शहराचा मैला आणि मधून वाहणारी विश्वामित्री. पण दोन्ही विषयांत खरी कसोटी एकाच ठिकाणी लागते. जंतू सापडणं सोपं असतं. जे बदलत नाही असं काहीतरी शोधून त्याच्याशी ताडून बघणं अवघड असतं.

आधी तेलाचं बघू. ‘तेल खाणारा जिवाणू’ म्हटलं की भारतीय-अमेरिकन शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्तींचं नाव निघतंच. त्यांच्या स्यूडोमोनास जिवाणूच्या पेटंटवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शिक्कामोर्तब केलं. जीवशास्त्राच्या इतिहासातला तो मोठा निकाल, पण तो जिवाणू उघड्यावरच्या तेलगळतीत कधी वापरला गेला नाही. तेल खाणारे जिवाणू कुठल्याही पेट्रोल पंपामागच्या मातीत आपणहून असतात. एका विकराने (एन्झाइमने) ते कर्बसाखळीच्या टोकाला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतात, त्याचं अल्कोहोल, मग मेदाम्ल होतं, आणि पुढे दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत ते आपल्या शरीरात तूप जळतं त्याच वाटेने जळतं. जिवाणूंची उणीव नसते. उणीव असते ऑक्सिजनची आणि नायट्रोजनची.

एक टन मातीत वजनाने २ टक्के तेल आहे असं धरा, म्हणजे २० किलो. ते पूर्ण जाळायला साधारण ७० किलो ऑक्सिजन लागतो. त्यासाठी अडीचशे घनमीटर हवा हवी. एक टन मोकळ्या मातीच्या पोकळ्यांत हवा मावते दीडशे लिटरच्या आसपास. म्हणजे ती हवा दीड हजाराहून जास्त वेळा बदलली पाहिजे. थोडं तेल जिवाणूंच्या अंगी लागतं, जळत नाही, म्हणून खरी गरज याहून कमी भरते; तरी आठवड्यातून एकदा फावड्याने माती खालीवर करून हा हिशोब जुळत नाही हे उघड आहे. उरलेली हवा वरून आपोआप झिरपायला हवी. म्हणून थर ३० सेंटीमीटरपेक्षा जाड ठेवत नाहीत, किंवा ढिगात भोकं पाडलेले पाइप घालून ब्लोअर लावतात. बडोद्याची काळी माती इथे त्रास देते. ओली झाली की फुगते आणि पोकळ्या बुजतात. मग आतला भाग करडा पडतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि काम थांबतं. भाताचं तूस किंवा उसाचं चिपाड मिसळून ती मोकळी करावी लागते, पावसाळ्यात ताडपत्री घालावी लागते, आणि मे महिन्यात उलट पाणी शिंपावं लागतं. ओलावा मातीच्या पाणी धरण्याच्या क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आसपास राहिला तर ठीक.

नायट्रोजनचं गणित पुस्तकात सोपं असतं. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस १००:१०:१. वीस किलो तेलात १७ किलो कार्बन, म्हणून १.७ किलो नायट्रोजन आणि १७० ग्रॅम फॉस्फरस. डीएपी ८५० ग्रॅम आणि युरिया ३.४ किलो घेतला की बेरीज जुळली. विद्यार्थी इथे फसतात, कारण हे सगळं एकदम टाकतात. त्या टनभर मातीत पाणी असतं दीडशे लिटर, म्हणजे मातीतल्या प्रत्येक लिटर पाण्यात ११ ग्रॅम नायट्रोजन झाला. एवढ्या खारटपणात आणि अमोनियात जिवाणू तग धरत नाहीत, आणि मग ‘आमचं कल्चर (म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून घातलेले जिवाणू) निकामी निघालं’ असा निष्कर्ष निघतो. खत पाच-सहा हप्त्यांत द्यावं. पुष्कळदा पूर्ण मात्रा लागतही नाही, कारण मेलेल्या जिवाणूंमधला नायट्रोजन पुढच्या पिढीला मिळतो.

आता मोजणी. तेलकट मातीचे किमान पाच प्रकारचे ट्रे हवेत: काहीच न केलेला, फक्त खालीवर केलेला, खत दिलेला, खत आणि कल्चर दिलेला, आणि सगळे जंतू मारलेला. प्रत्येकी तीन, म्हणजे पंधरा. शेवटचा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त वगळला जाणारा. बडोद्याच्या ४२ अंशांत डिझेलचा हलका भाग नुसता उडून जातो, आणि मेलेल्या मातीचा ट्रे नसेल तर उन्हाचं श्रेय जिवाणूंना मिळतं. मातीत बीजाणू, म्हणजे जिवाणूंची उष्णतेला दाद न देणारी सुप्त रूपं असतात, त्यामुळे एकदा ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवून भागत नाही. सलग तीन दिवस १२१ अंशांवर तासभर ठेवतात. मधल्या काळात बीजाणू उगवतात आणि पुढच्या फेरीत मरतात. शिवाय सोडियम अझाइड हे जंतुमारक विष घालतात. ते सिंकमध्ये कधीही ओतू नये, तांब्याच्या किंवा शिशाच्या नळीत त्याचे स्फोटक क्षार बनतात.

एवढं करूनही एक चोरवाट उरते. समजा सुरुवातीला किलोमागे २०,००० मिलिग्रॅम तेल होतं आणि नव्वद दिवसांनी १०,००० उरलं. निम्मं गेलं? दरम्यान तूस मिसळलं, माती उलटताना खालची स्वच्छ माती वर आली. आमटीत पाणी वाढवून तिखट कमी केलं म्हणण्यातला हा प्रकार आहे. इथे होपेन कामाला येतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या पटलातले पाच कड्यांचे रेणू गाळात दबून कच्च्या तेलात उतरले, ते होपेन. ते उडत नाही, पाण्यात विरघळत नाही, आणि आजचे जिवाणू त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तेल पूर्वीच्या जिवाणूंचं मोजमाप घेऊन येतं, आणि आजच्या जिवाणूंचं काम आपण त्यावर तोलतो, हे मला या विषयातलं सर्वात देखणं प्रकरण वाटतं. वरच्या उदाहरणात होपेन २ मिलिग्रॅमवरून १.२५ वर आलं असेल, तर तेल भागिले होपेन हे गुणोत्तर १०,००० वरून ८,००० झालं. खरी घट २० टक्के. बाकीची नुसती भेसळ होती. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाज फुटलं, तेव्हा किनाऱ्यावर खत टाकून तिथल्याच जिवाणूंना जोर दिला गेला. त्या कामाचं यश तपासताना होपेनचाच आधार घेतला होता.

पण होपेन उडण्यातली घट पकडत नाही. तेल उडालं तरी गुणोत्तर घटतंच, म्हणून मेलेल्या मातीचा ट्रे सुटत नाही. आणि डिझेल-पेट्रोलमध्ये होपेन नसतंच. ते इतक्या उच्च तापमानाला उकळतं की ऊर्ध्वपातनात मागे राहतं. रिफायनरीच्या टाकीतल्या गाळासाठी होपेन ठीक, ट्रक उलटून सांडलेल्या डिझेलसाठी प्रिस्टेन आणि फायटेन ही फाटे फुटलेली संयुगं वापरावी लागतात. सतरा कार्बनची सरळ साखळी प्रिस्टेनच्या मानाने किती घटली, ते बघायचं. प्रिस्टेन-फायटेनही हळूहळू खाल्ली जातात, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांपुरताच त्यांचा भरवसा.

धातूंच्या बाबतीत तर ‘खाल्लं’ हा शब्दच खोटा. जिवाणू घातक सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी करतात, ते गाळात बसतं, पण क्रोमियमचा एकही अणू कुठे जात नाही. डायफेनिलकार्बाझाइड या रसायनाने येणारा जांभळा रंग फक्त सहा-संयुजी मोजतो. तेवढी एकच चाचणी करून ‘९५ टक्के क्रोमियम नष्ट’ लिहिलेला अहवाल दिसला तर एकूण क्रोमियमचा आकडा मागावा. मातीत मँगनीजची ऑक्साइडं असली तर तीन-संयुजी पुन्हा उलट फिरू शकतं, हेही विचारावं.

आता गटाराकडे. सांडपाण्यातून रोग शोधणं कोविडच्या आधीपासून चालत आलंय. इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात ब्रेंडन मूर यांनी दोरीला बांधलेली गॉजची गुंडाळी गटारात सोडून पॅराटायफॉइडचे वाहक हुडकले. ती गुंडाळी आजही वापरतात. मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी सांडपाणी तपासलं जाऊ लागलं. पोलिओच्या बाबतीत प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच असतो. प्रश्न ‘वाढतोय की उतरतोय’ असा झाला की हिशोब आला.

पंपिंग स्टेशनवर चोवीस तास, दर तासाला एक असे नमुने घेऊन प्रवाहाच्या प्रमाणात मिसळतात आणि ४ अंशांवर ठेवतात. चेंबरमध्ये उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास यायचा थांबला तर हवा सुधारली असं नसतं, नाक बधिर झालेलं असतं. विश्वामित्रीचा नमुना पुलावरून, दोरीच्या बादलीने. तिथल्या मगरी २०२४ च्या पुरात वस्तीत शिरल्या होत्या, काठावर वाकायची जागा ती नव्हे. प्रयोगशाळेत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि मीठ घालून रात्रभर थंडीत ठेवलं की विषाणू खाली बसवता येतात. मग विषाणूचं जनुकीय द्रव्य, आरएनए, काढून पीसीआर, म्हणजे त्याच्या प्रती फेरीफेरीने वाढवणारी चाचणी. विषाणू दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा म्हणजे सीटी; तो ३.३ ने वाढला की विषाणू दहापट कमी. पण सांडपाण्यातले ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेले) पीसीआरचं विकर अडवतात आणि विषाणू असूनही आकडा कमी दाखवतात. तपास सोपा आहे. नमुना दहापट पातळ करा, सीटी ३.३ ने वाढला तर ठीक, जेमतेम एकाने वाढला किंवा उलट उतरला तर अडथळा आहे. नमुन्यात आरंभीच एमएस-२ फाज या जिवाणूंनाच लागणाऱ्या विषाणूची मोजकी मात्रा घालतात, तिच्यातली किती हाती लागली त्यावरून प्रक्रियेत किती विषाणू हरवले ते कळतं.

आणि पाऊस? एका पंपिंग स्टेशनवर कोरड्या दिवशी लिटरमागे विषाणूच्या एक लाख प्रती होत्या, तीन दिवसांच्या झडीनंतर ४०,००० सापडल्या असं समजा. साथ ओसरली म्हणायचं? इथली न बदलणारी खूण मिरचीत आहे. २००६ मध्ये माणसाच्या विष्ठेतले आरएनए विषाणू तपासले गेले, तर बहुतेक वनस्पतींचेच निघाले, आणि सर्वांत जास्त होता ढोबळ्या-तिखट मिरचीवरचा पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. वाळलेल्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये तो शंभर कोटींपर्यंत असतो. आपल्याला काही करत नाही, पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. तो एक कोटीवरून वीस लाखांवर आला असेल, तर रोगाचं त्याच्याशी प्रमाण ०.०१ वरून ०.०२ झालं. साथ ओसरलेली नाही, दुप्पट झाली आहे.

हाही मोजदंड डोळे मिटून वापरता येत नाही. एखाद्या वसतिगृहाच्या गटारावर तो त्या दिवशीच्या जेवणाबरोबर हेलकावे खातो. मसाल्याच्या गिरणीचं धुवण त्याच नाल्यात येत असेल तर मिरचीचा आकडा माणसांशिवायच फुगतो आणि साथ असूनही दिसत नाही. शिवाय तो कवच नसलेला, काठीसारखा चिवट विषाणू. कोरोनासारखे मेदाच्या आवरणातले विषाणू मे महिन्याच्या गरम गटारात त्याच्या आधी विरतात, म्हणून लांबच्या वस्तीचं प्रमाण जवळच्या वस्तीपेक्षा उगाच कमी दिसतं. अशा वेळी आतड्यातल्या जिवाणूंवर जगणारा क्रासफाज हा विषाणू जोडीला मोजतात. २०१४ मध्ये तो आधी संगणकावर जनुकांचे तुकडे जुळवताना सापडला होता. दोन्ही खुणा एकाच दिशेने बोलल्या तर गुणोत्तर द्यावं. नाही बोलल्या तर कच्चे आकडे, पावसाचे मिलिमीटर आणि पंपाचा प्रवाह असे तिन्ही स्तंभ तसेच तक्त्यात ठेवावेत, आणि आलेखावर त्या आठवड्याची जागा रिकामी सोडावी.