हरले नाहीत, तरी विकले गेले: कँटन बुलडॉग्जची गोष्ट

अमेरिकन फुटबॉलमध्ये अपराजित हंगामाचा विषय निघाला की १९७२ च्या मायामी डॉल्फिन्स संघाचं नाव पुढे येतं. त्याच्या पन्नास वर्षं आधी ओहायोतल्या कँटन या कारखान्यांच्या गावाचा संघ सलग दोन हंगाम एकही सामना हरला नव्हता, हे फारसं कुणी सांगत नाही.

या गावात पैसे घेऊन खेळणं आधीच बदनाम झालेलं होतं. १९०६ मध्ये शेजारच्या मॅसिलनविरुद्धच्या लढतीवर सट्ट्याचे आरोप झाले आणि संघ मोडला. नंतर तो पुन्हा उभा राहिला आणि १९१५ मध्ये ऑलिम्पिक विजेता जिम थॉर्प सामन्यामागे २५० डॉलर घेऊन इथे आला.

१७ सप्टेंबर १९२० रोजी संघाचे मालक राल्फ हेय यांच्या मोटारींच्या शोरूममध्ये बैठक भरली. खुर्च्या पुरेनात, तेव्हा काही जण गाड्यांच्या पायऱ्यांवर बसले. आजच्या एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, जन्म तिथला. गंमत म्हणजे स्थानिक वर्तमानपत्राला त्यापेक्षा मोठी बातमी वाटली ती पीट हेन्री नावाचा १११ किलोचा गडी बुलडॉग्जकडे आल्याची! खरं तर त्यांचं फारसं चुकलंही नाही. हेन्री ड्रॉपकिकमध्ये पटाईत होता: हातातला चेंडू खाली सोडायचा आणि जमिनीवरून उसळताक्षणीच लाथ हाणायची. तेव्हाचा चेंडू टोकांना बोथट असल्यामुळे उसळीचा नेम धरता येई.

१९२२ मध्ये गाय चेंबरलिन प्रशिक्षक झाला, आणि स्वतः मैदानातही उतरला. १२ सामने, १० विजय, २ बरोबरी. अख्ख्या हंगामात विरोधकांना मिळाले फक्त १५ गुण. एका टचडाउनचेच, म्हणजे चेंडू एकदा विरोधकांच्या गोलरेषेपलीकडे नेल्याचेच, ६ होतात. पुढच्या वर्षी ११ विजय, १ बरोबरी. केलेले गुण २४६, दिलेले १९. बरोबरी तेव्हा विजयांच्या टक्केवारीत धरतच नसत, त्यामुळे तक्त्यात दोन्ही वर्षं शंभर टक्के यश दिसतं. बरोबरी म्हणजे अर्धा विजय, हा हिशेब आला १९७२ मध्ये, नेमका डॉल्फिन्सच्याच वर्षी.

मैदानावर कुणाला ऐकत नसलेला हा संघ गल्ल्यावर मात्र हरला. खेळाडू महाग आणि गाव लहान. १९२४ मध्ये क्लीव्हलँडच्या मालकाने तो विकत घेतला, चेंबरलिन आणि बरेच खेळाडू तिकडे गेले, आणि त्या वर्षीचं अजिंक्यपद क्लीव्हलँड बुलडॉग्जच्या नावावर लागलं. कँटनला १९२५ मध्ये संघ परत मिळाला खरा, पण १९२६ नंतर तोही बंद पडला.