अकरा महिन्यांच्या करारामागची ऐंशी वर्षं

मुंबईत भाड्याने घर शोधायला बाहेर पडलं की त्याच त्या अटी ऐकू येतात. करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट भरभक्कम, एका महिन्याचं भाडं दलाली, बॅचलर नकोत, कंपनी लीज, म्हणजे कंपनीच्या नावावरचा करार, असेल तर लगेच. यातल्या बहुतेक अटींचं मूळ शोधत गेलं की भाडेनियंत्रण कायद्यापाशी येऊन थांबावं लागतं.

घरांची टंचाई त्याहून जुनी आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, पण हटवलेल्या लोकांना पुरतील इतक्या खोल्या काही उभ्या राहिल्या नाहीत. 1920 च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला 207 चाळी बांधल्या. एकेक खोली साधारण 160 चौरस फुटांची. उद्दिष्ट होतं 50,000 खोल्यांचं, झाल्या त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास.

भाड्यावर पहिलं बंधन आलं ते 1918 मध्ये, महायुद्धाच्या महागाईत. ते काही वर्षांनी उठलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1939 मध्ये, पुन्हा कायदा झाला, 1944 मध्ये त्याला जोड मिळाली आणि मग 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. तो 13 फेब्रुवारी 1948 पासून लागू झाला. फाळणीनंतर शहरात निर्वासितांची रीघ लागली होती आणि मालक मागेल ते भाडं मोजावं लागत होतं. त्या वेळी हा कायदा गरजेचाच होता. मुळात तो तात्पुरता होता, पण मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं चालला.

कायद्याची रचना नीट पाहायला हवी. 1 सप्टेंबर 1940 ला जागेचं जे भाडं होतं, ते तिचं ‘प्रमाण भाडं’ ठरलं. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या जागेला तिचं पहिलं भाडं लागू झालं. भाडेकरूला काढायचं तर कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांपैकी एक कोर्टात सिद्ध करावं लागे. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाई. म्हणजे भाडं गोठलेलं, ताबा पिढीजात आणि दुरुस्तीचा खर्च मात्र दरवर्षी वाढणारा. मालकांनी डागडुजी सोडून दिली. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा 1969 मध्ये सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ स्थापन करावं लागलं. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती 19,642 होत्या. भाड्यासाठी नवी इमारत बांधणं तर तोट्याचाच धंदा झाला. 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि 1963 चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा आल्यावर बिल्डरांनी विकायचे फ्लॅट बांधायला घेतले. चाळ बांधून भाड्यावर जगणारा मालक हळूहळू दिसेनासा झाला.

पागडीही याच काळात फोफावली. दरमहा भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर जागेची खरी किंमत एकरकमी रोखीत वसूल होऊ लागली. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून रक्कम घेई आणि भाडेपावती नव्याच्या नावावर करून देण्याबद्दल मालक त्यातला हिस्सा घेई. हा हिस्सा बहुधा एक तृतीयांश असायचा. 1947 च्या कायद्याने हे गुन्हा ठरवलं होतं, तरी सारं शहर त्यावर चालत होतं. जुन्या चाळींत भाडेपावत्यांचा गठ्ठा आजही दागिन्यांसोबत कपाटात का असतो, ते यावरून समजतं. पावतीवर ज्याचं नाव, त्याचा हक्क. पुनर्विकासाची वेळ आली की तपासणीत पहिल्यांदा तीच मागतात.

कायद्याच्या कचाट्यातून सुटायला मालकांना एक वाट सापडली: लिव्ह अँड लायसन्स. 1882 च्या ईझमेंट कायद्यातल्या कलम 52 नुसार लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा वापर करायची नुसती परवानगी. तिच्यातून जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, त्यामुळे भाडेकरूचं संरक्षण मिळत नाही. ही वाट इतकी रुळली की 1973 मध्ये सरकारने कायदाच बदलला. 1 फेब्रुवारी 1973 ला जो कोणी चालू लायसन्सवर राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. राहणाऱ्यांना मोठा दिलासा मिळाला. मालकांनी मात्र एकच धडा घेतला: सही केलेला करारही एका रात्रीत बदलू शकतो. माझ्या मते मुंबईच्या भाडेबाजाराला सर्वांत खोल जखम झाली ती या तारखेला. आत असलेले सुरक्षित झाले आणि बाहेर घर शोधणाऱ्यांसाठी दारं बंद झाली. फ्लॅट कुलूप लावून ठेवणं, ओळखीतल्यालाच देणं, घसघशीत डिपॉझिट अडकवून ठेवणं ही शहाणपणाची रीत ठरली.

1997 च्या डिसेंबरमध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दशकानुदशकं गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण टिकलं, वर्षाला 4 टक्के वाढ मान्य झाली, पागडी कायदेशीर झाली. एक कोटी किंवा त्याहून जास्त भागभांडवलाच्या कंपन्या, बँका, सरकारी उपक्रम यांना कायद्याच्या संरक्षणातून वगळलं. कंपनी लीज मालकांना का आवडते, ते इथे कळतं.

लायसन्ससाठी कलम 24 आणि 55 महत्त्वाची. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. राहणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट भाड्याइतकी भरपाई बसते. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती झाली नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ‘नोटरी करून घेऊ, स्वस्तात होईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के असतं. महिना 40,000 भाडं, दोन लाख डिपॉझिट, एक वर्ष: भाड्याचे 4,80,000, डिपॉझिटवर 10 टक्के दराने धरलेलं व्याज 20,000, म्हणजे पाच लाखांवर 1,250 रुपये. शहरात नोंदणी फी 1,000.

मग अकरा महिने कशासाठी? 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षावारी किंवा एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याचीच नोंदणी सक्तीची होती, म्हणून एक महिना कमी. महाराष्ट्रात 2000 पासून ही पळवाट उरलेली नाही, कारण लायसन्स कितीही छोटं असलं तरी नोंदवावं लागतं. तरी प्रथा टिकली. मालकाला दरवर्षी भाडं वाढवायची संधी मिळते आणि बऱ्याच दलालांना नूतनीकरणाची दलाली. लायसन्स 60 महिन्यांपर्यंतचं करता येतं. 33 किंवा 36 महिन्यांचं करून वार्षिक वाढ त्यातच लिहून घेतली, तर दरवर्षीचा हा खर्च आणि घासाघीस टळते. त्याच वेळी डिपॉझिटचं कलम वाचून घ्या. ‘नवा भाडेकरू मिळाल्यावर परत’ असं वाक्य असेल तर काढायला लावा आणि ‘चावी देताना, त्याच दिवशी’ असं लिहून घ्या. डिपॉझिटवरून होणारे बहुतेक वाद त्या एका वाक्यातून निघतात, कारण मालकाने ते पैसे आधीच दुसरीकडे वापरलेले असतात.

सोसायटीच्या एनओसीचा, म्हणजे ना-हरकत पत्राचा, बागुलबुवाही असाच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सभासदाने सोसायटीला आधी लेखी कळवणं पुरेसं आहे आणि 2001 पासून बिनभोगवटा शुल्काला, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते त्या आकाराला, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. धर्म, जात, आहार किंवा एकटी बाई म्हणून नकार देण्याला मात्र आजवर कायद्याचा स्पष्ट अडसर नाही. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची, म्हणजे सहकारी घरबांधणीची सुरुवातच इथे जातीच्या आधाराने झाली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोस्ट्रियन या पारशांच्या सोसायटीच्या खटल्यात समाजापुरती सभासदसंख्या ठेवणं वैध मानलं. हा अन्याय आहे आणि भाडेकायद्याच्या कुठल्याही सुधारणेने त्याला हात घातलेला नाही.

2017-18 च्या आर्थिक पाहणीने मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी असल्याचं नोंदवलं. केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे आणि वादांसाठी वेगळं भाडे प्राधिकरण सुचवलं आहे. पण भाडं हा राज्यांचा विषय असल्याने राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय त्यातलं एकही कलम इथल्या भाडेकरूच्या हाती येत नाही.