आधी जीव जडतो, निवाडा मागाहून

मालिकेतला खोटारडा, खुनी नायक आवडतो असं कुणी म्हटलं की निदान ठरलेलं: ‘तुझ्याच मनात काळंबेरं आहे.’ असं म्हणणारे प्रेक्षकाला फार साधा समजतात.

१९७०च्या दशकात डॉल्फ झिलमन आणि जोॲन कँटर या माध्यम-अभ्यासकांची मांडणी सरळ होती. पात्राचं वागणं आपण नीतीच्या काट्यावर तोलतो. पटलं तर पात्र आवडतं, मग त्याचं भलं व्हावंसं वाटतं. सज्जन नायकापुरतं हे ठीक. प्रतिनायकापाशी, म्हणजे दुष्कृत्यं करणाऱ्या नायकापाशी, गाडं अडतं. २००४ साली आर्थर रेनी यांनी क्रमच फिरवला: आवड आधीही जडू शकते, आणि मग निवाडा तिच्या कलाने होतो.

कलाने म्हणजे कसा? माणसं स्वतःच्या गैरकृत्यांची टोचणी कशी बोथट करतात, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी ‘नैतिक विलगते’च्या सिद्धान्तात मांडलं. प्रेक्षक तेच वकीलपत्र पात्रासाठी घेतो. ‘घरच्यांसाठी केलं’ हे समर्थन. ‘समोरचा याहून नीच’ ही सोयीची तुलना. ‘वेळच तशी आली’ म्हणत जबाबदारी झटकणं. ‘मेला तो कुठे धड होता?’ म्हणत बळीलाच दोष देणं. लेखक पुरावे पुरवतो: प्रतिनायकाहून क्रूर शत्रू उभा करतो, बळीला मागचंपुढचं काही देत नाही. कॅमेरा सतत प्रतिनायकासोबत. प्रेत लपवताना दार वाजलं की छाती आपली धडधडते. उरलेलं काम नटाचं. गोळी झाडण्याआधी बोट क्षणभर अडखळतं, आणि त्या अडखळण्याला आपण विवेक समजून बसतो. पटकथेत कदाचित तिथे एक ओळही नसेल.

याचं सगळं श्रेय ‘मिरर न्यूरॉन’ना, म्हणजे एखादी कृती स्वतः करताना आणि दुसऱ्याला करताना पाहूनही चेतणाऱ्या मेंदूपेशींना, देणारे लेखही दिसतात. त्या पेशी १९९०च्या दशकात इटलीतल्या पार्मा इथे मकाक माकडांच्या मेंदूत सापडल्या, हाताच्या साध्या हालचालींच्या संदर्भात. तिथून थेट खुन्याविषयीच्या ममतेवर उडी मारायला वैज्ञानिकापेक्षा कसरतपटू हवा.

काळंबेरं शोधणाऱ्यांना मात्र एक अर्धा पुरावा द्यायला हवा. रेबेका क्राउझ आणि डेरेक रकर यांच्या २०२०च्या अभ्यासात लोकांना आपल्याशी स्वभावाने जुळणारे खलनायक जास्त ओढून घेताना दिसले. प्रत्यक्षात दुष्ट माणसाशी साम्य निघालं की आपण अंग चोरतो, कारण स्वतःच्या प्रतिमेला धक्का बसतो. पात्र काल्पनिक असलं की तो धोका ओसरतो, आणि साम्य उघडपणे न्याहाळता येतं.