यॉर्क : मागून घेतलेले कैदी

पर्थच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, एव्हन नदीकाठी यॉर्क आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं समुद्रापासून आत वसलेलं हे सर्वांत जुनं गाव. बॅलर्डाँग नूंगार लोकांच्या या भूमीवर गोरे वसाहतवाले 1831 मध्ये आले. जमीन कशी घेतली गेली, याची वाच्यता पर्यटकांसमोर फारशी होत नाही.

कैद्यांचा विषय मात्र हमखास निघतो. सिडनी आणि टास्मानियावर लंडनने कैदी लादले. पश्चिम ऑस्ट्रेलियाची वसाहत 1829 मध्ये ‘मुक्त’, म्हणजे कैद्यांशिवायची, म्हणून सुरू झाली आणि पुढे तिनेच कैदी मागितले. त्या मागणीचा जोर यॉर्ककडच्या मेंढपाळ-शेतकऱ्यांचा होता. जमीन अफाट, माणसं मोजकी आणि मजुरी परवडेना. 1840 च्या दशकात त्यांच्या संघटनेने अर्ज केला. वसाहतीच्या कारभाऱ्यांनी आधी नाही म्हटलं, पण दशक संपता संपता लंडनची आणि इथल्या जमीनदारांची गरज जुळली. पूर्वेकडच्या वसाहती कैदी नाकारू लागल्याने लंडनलाही नवी जागा हवीच होती.

मागणाऱ्यांच्या अटी होत्या: फक्त पुरुष, तेही सराईत नकोत. पहिली अट शेवटपर्यंत पाळली गेली, दुसरी हळूहळू ढिली पडली. 1850 ते 1868 या काळात सुमारे 9,700 पुरुष आले. नाइलाज होता, असं समर्थन आजही ऐकू येतं. पण स्वस्त मजूर हवेत आणि त्यांचा खर्च लंडनने उचलावा, हा हिशेब त्यात उघड दिसतो. (अंदमानातलं काळं पाणी 1858 मध्ये सुरू झालं; तिथल्या कैद्यांना कोणी अर्ज करून बोलावलं नव्हतं.)

यॉर्कमध्ये 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला डेपो उभा राहिला. इथे तुरुंगाच्या उंच भिंती शोधू नयेत. ‘टिकिट ऑफ लीव्ह’वर, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर मिळणाऱ्या परवान्यावर सुटलेले कैदी या डेपोत राहत. मालक मिळाला की त्याच्याकडे कामाला जात. तोवर रस्ते आणि सरकारी बांधकामं करत. मजुरी मिळे, पण परवानगीवाचून जिल्हा सोडता येत नसे.

मुख्य रस्त्यावरच्या ज्या इमारतींसमोर लोक फोटो काढतात, त्यातल्या बऱ्याचशा नंतरच्या आहेत. 1885 ला रेल्वे आली, 1890 च्या दशकात सोनं शोधणारे इथे उतरून पुढे चालत गेले, आणि त्या पैशावर गाव सजलं. भपकेदार टाउन हॉल तर 1911 चा. सोन्याच्या खाणींकडे जाणारा लोहमार्ग मात्र शेजारच्या नॉर्दम गावावरून गेला. यॉर्क मागे पडलं, म्हणून पाडापाडी टळली. 1968 च्या मेकरिंग भूकंपाने काही वास्तूंचं नुकसान केलं, तेवढंच.

कैद्यांचा काळ बघायचा असेल तर मुख्य रस्ता सोडून ब्रुक स्ट्रीटवर जावं. तिथलं छोटं संग्रहालय ज्या घरात आहे, ते त्या डेपोचाच भाग होतं.