कुणी वाचत नसेल असं वाटलेला आकडा

ऐरोलीहून महापेकडे जाताना ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आसपास बऱ्याच डेटा सेंटरच्या इमारती आहेत. अशा ठिकाणच्या सर्व्हरांवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं राज्य मोठं. त्याचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्या मधला गाभा, साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नव्या आवृत्तीत येतो. तरीही कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर सहसा मुकाट चालतो. हे आपोआप घडत नाही.

प्रोग्रॅमला मेमरी, डिस्क, नेटवर्क काहीही हवं असेल तर कर्नलकडे मागावं लागतं. मागायच्या वाटा ठरलेल्या: एक सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला थेट केलेली विनंती, दुसरी 'प्रॉक' फोल्डरातल्या फायली. या फायली डिस्कवर नसतातच. वाचायला गेलं की कर्नल त्या क्षणी मजकूर तयार करून देतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम असा, की कर्नल बदलला म्हणून चालता प्रोग्रॅम बंद पडला तर दोष कर्नलचा.

हा नियम किती टोकाला जातो, ते बोगोमिप्सच्या गोष्टीत दिसतं. संगणक सुरू होताना कर्नल एक रिकामी लूप फिरवून बघतो आणि ठरावीक वेळात किती फेरे होतात ते मोजतो; त्यावरून निघणारा आकडा म्हणजे बोगोमिप्स. अगदी बारीक विलंब साधायला ते मोजमाप लागतं. प्रोसेसर किती वेगवान आहे हे त्यावरून कळत नाही. नावातच 'बोगस' आहे. पुढे मोबाइलमध्ये असतात तशा एआरएम प्रोसेसरांवर विलंबासाठी टायमर वापरता येऊ लागला, आकड्याला अर्थ उरला नाही, म्हणून 2013 मध्ये प्रॉकमधल्या 'सीपीयूइन्फो' फाइलमधली ती ओळ काढली. तर्क चोख होता. पण पायथॉनमधले आवाजाचे प्रोग्रॅम बंद पडले! प्रोसेसरचा वेग फाइलमध्ये सापडत नाही, असं म्हणून ते थांबत. 2015 च्या जानेवारीत ती निरर्थक ओळ परत आली. ठाण्यात कॅसल मिलची गिरणी राहिली नाही, पण रिक्षावाल्याला पत्ता कॅसल मिल नाक्याचाच सांगतात, तसंच हे.

2011 मध्ये तर आवृत्तीचा क्रमांक 2.6.39 वरून 3.0 झाला एवढ्यानेच काही प्रोग्रॅम गडबडले. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये चक्क खोटं बोलायची सोय केली: मागणी केली तर तो 3.0 ऐवजी 2.6.40 सांगतो. मला ही लबाडी आवडते.

मग जुनं कधी काढतात? 'सिसकंट्रोल' नावाचा सिस्टिम कॉल 2020 च्या 5.5 आवृत्तीत गेला, पण त्याआधी कित्येक वर्षं तो वापरू नका असं बजावलं जात होतं आणि त्याच सेटिंग प्रॉकमधून मिळत होत्या. कर्नलची मेमरी थेट उघडणारी 'केमेम' फाइल 2021 मध्ये काढली. तिचा उपयोग घुसखोरांनाच जास्त होता, तेव्हा रडायला कुणी आलं नाही.

हे अभय फक्त बाहेरच्या प्रोग्रॅमना आहे. कर्नलच्या आतल्या वाटा कधीही बदलतात आणि ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारे प्रोग्रॅम, आतच चालतात. महापे एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात यंत्राबरोबर आलेला, सोर्स कोड न दिलेला ड्रायव्हर असेल, तर नव्या कर्नलवर तो बसेलच याची हमी टोरवाल्ड्स देत नाहीत. कर्नल बदलण्यापूर्वी यंत्र विकणाऱ्यालाच फोन करावा लागतो.